हत्ती-मुंगीच्या विनोदाचा समग्र इतिहास

हत्ती आणि मुंगीच्या विनोदाचा जन्म गिरगावात झाला, असं माझ्या दादाचं ठाम मत आहे. पुरावा मागितला तर तो म्हणतो, "आपल्या चाळीत मुंग्या आहेत, हत्ती नाही. माणूस दुसरं काय करणार?" हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि लहानपणापासून मला त्याचा राग येतो. आमच्या घरात कधीतरी ठरून गेलं होतं की दादा गमत्या आणि मी तिरसट. मग आम्ही दोघांनी आपापलं काम इमानेइतबारे केलं. तो हसवायचा, मी हसायची नाही. पुढे मी दादरच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि माझ्या तिरसटपणावर शिक्कामोर्तबच झालं.

दादा कॉलेजात असताना चाळीच्या गणपतीत एका संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम ऐन वेळी फिसकटला. गाणाऱ्या बाईंचा घसा बसला होता. मंडप भरलेला, पोरं कंटाळून खुर्च्या सरकवायला लागलेली. तेव्हा दादा वडिलांचा कोट अंगात घालून स्टेजवर चढला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आजच्या व्याख्यानाचा विषय, हत्ती-मुंगीच्या विनोदाचा समग्र इतिहास." लोकांना वाटलं, दोन विनोद सांगून उतरेल. तो बराच वेळ बोलला, तेही सुतकी चेहऱ्याने. लोक हसून हसून बेजार झाले. मी दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

तेव्हापासून ते व्याख्यान दरवर्षी व्हायला लागलं. दादा सरकारी कचेरीत चिकटला, त्याचं लग्न झालं, केस गेले, तो रिटायर झाला, मीही झाले, पण गणपतीतलं व्याख्यान चुकलं नाही. त्याची एक प्रथाही पडली. इतिहास तोच, पण दरवर्षी त्यात एक तरी नवं संशोधन हवं. लोक वाट बघायचे ती त्याचीच. "यंदा काय सापडलं, प्रोफेसर?" असं जिन्यात विचारायचे. दादा गंभीरपणे सांगायचा, "उत्खनन चालू आहे."

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही वहिनीच्या भाचीच्या लग्नासाठी साड्या घ्यायला हिंदमाताला गेलो होतो. वहिनी आणि मी गादीवर बसून साड्या बघत होतो. दादा मागे खुर्चीवर होता. अचानक त्याने एका साडीकडे बोट केलं आणि विचारलं, "हा निळा दरवाजा केवढ्याला?"

वहिनी खळखळून हसली. साड्या दाखवणारा माणूसही तयारीचा, तो म्हणाला, "काका, खिडकी भी है, सस्ते में दे दूँ?" सगळं दुकान हसलं. मी म्हटलं, "पुरे झाला चावटपणा." दादा एकदा माझ्याकडे, एकदा साडीकडे बघत राहिला आणि मग तोही हसला. जरा उशिराच हसला, हे मला आता आठवतं.

त्यानंतर तो चहाला कात्री म्हणाला. पंख्याला एकदा काकडी म्हणाला. वहिनीने ते फोनवर तिच्या लालबागच्या माहेरी सांगितलं, तिकडेही सगळे हसले. दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर लगेच डॉक्टर गाठला असता. आमच्याकडे टाळ्या पडल्या. दादाही काही बोलला नाही. तो नंतर मला म्हणाला की लोक हसतायत म्हणजे आपण विनोदच केला असणार, असं त्याला वाटायचं.

मग एका सकाळी पेपर वाचताना त्याचा उजवा हात थाडथाड उडायला लागला, तोंड वाकडं झालं आणि तो खुर्चीवरून खाली पडला. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

परळच्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. सर्जन दक्षिणेकडचे होते, शांत, फार हळू बोलणारे. त्यांनी काळ्या फिल्मवर पेनाने एक पांढरट डाग दाखवला. गाठ डाव्या बाजूला होती, आणि माणूस जिथून बोलतो त्या जागेला चिकटून बसली होती. ते म्हणाले, "इनको जागते हुए ऑपरेट करेंगे. वो बोलते रहेंगे, हम निकालते रहेंगे. जहाँ बात बिगड़ी, वहाँ रुक जाएँगे."

मला आधी ते कळलंच नाही. मग कळलं आणि मी खुर्चीचा हात धरला. डोकं उघडं टाकलेलं आणि आत माझा भाऊ शुद्धीवर, गप्पा मारतोय. सर्जन म्हणाले, मेंदूला दुखत नाही. थोडं कमी काढलं तर गाठ पुन्हा वाढणार, थोडं जास्त काढलं तर वाचा जाणार. आणि ते थोडं म्हणजे किती, हे फक्त त्याच्या बोलण्यावरूनच समजणार होतं. वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा सर्जनना म्हणाला, "म्हणजे मी बोललो नाही तर तुम्ही पण गप्प. बरोबर?" सर्जन किंचित हसले. मी दादाच्या हाताला हात लावला, तर तो गार पडला होता.

ऑपरेशनच्या वेळी त्याच्यासमोर बसून त्याचं बोलणं तपासायला एक स्पीच थेरपिस्ट होती. नागपूरकडची मुलगी, पंचविशीची असेल. तिने आधी त्याला चित्रं दाखवली. कंगवा, कुलूप, शिट्टी, फणस. दादाने बहुतेक सगळी ओळखली, दोन-तीन ठिकाणी अडखळला. ती म्हणाली की आतमध्ये चित्रं दाखवूच, पण मधल्या वेळात तुम्हाला सतत काहीतरी बोलत राहायला हवं, जे तुम्हाला पक्कं येतं असं. कुणी स्तोत्र म्हणतं, कुणी मासे कसे करायचे ते सांगतं. दादाने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाला, "मी व्याख्यान देईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मॅडम, सरांनी काल थोडं व्याख्यान सांगून पाहिलं. मला काही कळूनच नाही राहिलं. मुंगीने हेल्मेट घातलं, हे ते गंमत म्हणून सांगतात की त्यांचा शब्द चुकला, हे मला तिथं कसं समजेल? डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत राहतील. मी हात वर केला की ते थांबणार."

बाकीचे पेशंट तिथे शहाण्यासारखं बोलतात. चुकलं की लगेच कळतं. माझ्या भावाने मात्र आयुष्यभर मुद्दाम चुकीचं बोलायची कला कमावली होती, आणि आता त्याचा जीव त्यातच अडकला होता. मी त्याला विषय बदलायला सांगितलं. म्हटलं, मासे सांग, पाढे म्हण, रेल्वेची स्टेशनं म्हण. त्याने दोनदा स्टेशनं म्हणून पाहिली आणि दोन्ही वेळा मध्येच सांडली. व्याख्यान मात्र न अडखळता आलं. थेरपिस्ट म्हणाली, "हेच ठेवू या. पण मग मला ते शिकावं लागेल."

वहिनीला ते येत नव्हतं. व्याख्यान सुरू झालं की ती प्रसादाच्या तयारीला उठून जायची, सगळे हसले की आतून हसायची. चाळीतल्या बाकीच्यांना मधले मधले तुकडे येत होते. संपूर्ण इतिहास पाठ होता तो फक्त मला, जिला तो कधी आवडला नाही.

कॉफीच्या मशीनशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. तिथे मी त्या मुलीला हत्ती-मुंगीच्या विनोदाचा इतिहास शिकवला. ती फोनवर रेकॉर्ड करत होती. वहिनी पलीकडे पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी दहावीच्या वर्गाला मान्सून शिकवायचे, त्याच आवाजात सुरुवात केली.

"पहिला काळ, निर्विनोद काळ. तेव्हा फक्त हत्ती होता. लोक हत्ती दिसला की हात जोडायचे. हात जोडलेल्या माणसाला हसता येत नाही. मग एके दिवशी हत्तीच्या पायाशेजारून एक मुंगी गेली. तिने हात जोडले नाहीत, कारण तिच्या तोंडात साखर होती आणि तिला घरी जायची घाई होती. ते बघून रस्त्यावरचा एक माणूस हसला. तो जगातला पहिला श्रोता. हत्तीच्या मालकाने त्याचं पुढे काय केलं, याबद्दल इतिहास मौन बाळगून आहे."

"साखर हत्तीच्या तोंडात म्हणाले तर?" तिने विचारलं.

"चूक. लगेच हात वर करायचा."

"दुसरा काळ, जलक्रीडेचा. हत्ती तलावात डुंबतोय. मुंगी काठावरून ओरडते, बाहेर ये. तो कसाबसा बाहेर येतो. मुंगी त्याला वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, जा परत, माझा पोहण्याचा पोशाख सापडत नाही, तू घातलायस का ते बघत होते. आता यावर भाष्य. हा विनोद फक्त चाळीतच जन्मू शकतो. सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे एकाच गॅलरीत वाळत असल्याशिवाय कुणाला असा संशय येणार नाही. म्हणून उगम गिरगाव."

ती मुलगी हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले. ती सॉरी म्हणाली आणि पुन्हा लक्ष देऊन ऐकायला लागली.

"तिसरा काळ, वाहनांचा. हत्ती आणि मुंगी स्कूटरवरून चालले होते, अपघात झाला, हत्ती गेला, मुंगी वाचली, कारण तिने हेल्मेट घातलं होतं. इथे अभ्यासकांत मतभेद आहेत. नीट ऐक. गिरगाव मत असं की स्कूटर मुंगी चालवत होती, कारण लायसन तिच्याच नावावर होतं. लालबाग मत असं की चालवत हत्तीच होता, मुंगी मागे बसली होती, तरी हेल्मेट तिनेच घातलं होतं. लालबागची बाई कुठल्याच पुरुषाच्या ड्रायव्हिंगवर विश्वास ठेवत नाही. आणि दादर मत असं की अपघात झालाच नाही. दोघं अजून पार्किंग शोधतायत."

"दादर मतात अपघात झाला असं म्हणाले तर चूक."

"शंभर टक्के चूक."

हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला नुसते शब्द नव्हे, त्याच्या जागासुद्धा पाठ आहेत. कुठे तो चष्मा काढतो, कुठे पाणी पितो, कुठे एखादं वाक्य अर्धवट सोडून समोरच्याकडे बघत राहतो. त्या जागाही मी तिला सांगितल्या, नाहीतर तो तिथे थांबला असता आणि यांना वाटलं असतं की वाचा गेली. इतकी वर्षं मी हाताची घडी घालून बसले होते आणि एक अक्षर कानाआड केलं नव्हतं. माझा भाऊ मला किती आवडतो, हे मला त्या कॉफीच्या मशीनजवळ असं कळावं, याचाही मला राग आला.

चौथ्या काळाशी मी अडले. तो लग्नाचा काळ. हत्ती आणि मुंगीचं लग्न होतं आणि दुसऱ्याच दिवशी हत्ती मरतो. मुंगी रडत म्हणते, एका दिवसाच्या संसारापायी आता जन्मभर खड्डा खणत बसायचं. वहिनी समोरच होती. मी पाणी प्यायच्या निमित्ताने थांबले.

वहिनी तिकडूनच तिच्या मालवणीत म्हणाली, "सांग गो. हत्ती मेल्याचो भाग पण सांग. तो थंय बोलतलो, तर तिका म्हायत होया."

मी सांगितला. मुंबईतल्या मुंगीला खणावं लागलं नाही, रस्त्यात खड्डा आयताच मिळाला, हे त्यावरचं भाष्यही सांगितलं. वहिनी खाली मान घालून पिशवीची दोरी पिळत राहिली.

संध्याकाळी मी दादाकडे गेले. न्हाव्याने त्याचं डोकं तासून ठेवलं होतं. मी म्हटलं, "एक वचन दे. उद्या नवं संशोधन नाही. जे आहे ते, जसंच्या तसं."

"अगं पण प्रथा?"

"प्रथा गेली खड्ड्यात. तिला मी शिकवलंय तेवढंच येतं. त्याबाहेर गेलास तर त्यांना वाटेल बिघडलं, आणि ते गाठ तशीच ठेवून डोकं शिवतील. कळतंय का तुला?"

तो म्हणाला, "बरं. जुनीच आवृत्ती." आणि थोड्या वेळाने, "माझं बोलणं गेलं तर मी तुझ्यासारखा दिसेन. नुसता बघत बसेन आणि सगळ्यांना वाटेल चिडलाय." एरवी मी काहीतरी तिखट बोलले असते. मी त्याची चादर नीट केली. त्यावरून त्याला काय ते समजलं असावं, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

सकाळी त्याला आत नेलं. वहिनी आणि मी बाहेरच्या बाकांवर. भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, आजूबाजूला आमच्यासारखीच माणसं, प्रत्येकाजवळ डबा आणि पाण्याची बाटली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी मनातल्या मनात व्याख्यान सुरू केलं, म्हणजे तो आत कुठपर्यंत आला असेल याचा अंदाज येईल असं मला वाटलं. ते दोनदा संपलं, तरी दार उघडलं नाही. मला भलभलतं दिसायला लागलं. तो तोंड उघडतोय आणि शब्द येत नाहीये. ती मुलगी हात वर करतेय. किंवा करतच नाहीये, कारण ती हसतेय.

वहिनीने हात जोडले आणि पुटपुटत गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, जी काय इडापिडा आसात ती भायर काढ, नि माझ्या माणसाक बोलतो ठेव रे म्हाराजा." ती थांबली. गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी होकार भरावा लागतो, तिच्या माहेरी त्यासाठी घरभर माणसं असतात. इथे मी एकटीच. मी देवाचं फारसं करणारी नाही. पण ती माझ्याकडे न बघता वाट बघत होती. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग तिने पुढचं म्हटलं, आणि मी पुन्हा होकार भरला.

दार उघडलं. हिरव्या टोपीतल्या सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी पेशंटची बहीण कोण म्हणून विचारलं. मी उठले.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "चित्रं ओळखतायत, पण सावकाश. आता आतला शेवटचा तुकडा राहिलाय. पण ते एक वाक्य बोलले, ते थेरपिस्ट मॅडमच्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. डॉक्टर थांबलेत. हे त्यांचं नेहमीचं आहे का, एवढंच विचारून यायला सांगितलंय."

"काय बोलला?"

सिस्टरनी ते जसंच्या तसं सांगितलं. "मुंगीची बहीण बाहेर बसून हत्ती निवडतेय."

मी हसले.

अजूनही मला सांगता येत नाही की कशी हसले. मोठ्याने हसले, दोन बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर मी आले, मांडीवर सूप घेऊन बसलेली, चष्मा नाकावर, एकेक हत्ती उचलून बघतेय, हा खरा, हा खडा, हा टाकायचा. आदल्या दिवशी कॉफीच्या मशीनजवळ मी दुसरं काय केलं होतं? त्याने मला अचूक पकडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या विनोदाला मी हसले, आणि समोर उभ्या असलेल्या सिस्टर डोळ्यांनी हसल्या, "ओके" म्हणाल्या आणि वळल्या.

"थांबा," मी म्हटलं. दार मिटलं होतं.

हसू तिथल्या तिथे थिजलं. तांदूळ निवडतात. गहू निवडतात. हत्ती कोण निवडतं? त्याला तांदूळच म्हणायचं असेल आणि तोंडात हत्ती आला असेल तर? साडीचा दरवाजा झाला तेव्हा दुकानभर माणसं हसलीच होती की. चहाची कात्री झाली तेव्हा वहिनी हसली होती. तेव्हा न हसलेली मी एकटीच होते. आणि आज, जेव्हा हसायचं नव्हतं, नुसतं हो किंवा नाही सांगायचं होतं, तेव्हा मी दात काढले होते आणि आत कुणीतरी पुन्हा सुरी हातात घेतली होती. मी त्या दारावर थाप मारायला गेले. वॉचमनने मला हात धरून मागे आणलं.

"तू हसलंस?" वहिनीने विचारलं. ती मला घाबरून बघत होती. "काय म्हणालो तो?"

मी तिला सांगितलं नाही. मी म्हटलं, "बोलतोय. चांगला बोलतोय." ती पुन्हा हात जोडून बसली. मी बाकाची कड धरून त्या दाराकडे बघत राहिले. इतकी भीती मला आई गेली तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा जे होतंय ते माझ्या हातात नव्हतं.

दुपारी उशिरा सर्जन बाहेर आले. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाले, "ऑलमोस्ट पूरा निकल गया." मग वहिनीला सांगितलं की काही दिवस बोलणं मागेपुढे होईल, सूज आहे, त्यामुळे आत्ताच काही ठरवू नका. थेरपिस्ट त्यांच्या मागे उभी होती. दमलेली, पण खूष. माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही हसलात असं सिस्टरनी सांगितलं ना, तेव्हाच डॉक्टर पुढे गेले. नाहीतर ते तिथंच थांबणार होते." मी तिला थँक्यू म्हटलं. मला बसायला जागा हवी होती.

पहिले दोन दिवस दादा नुसता झोपून होता. तिसऱ्या दिवशी त्याने पाणी मागितलं, पाणी याच शब्दात. वहिनी रडली. मग हळूहळू बाकीचे शब्द आले. काही लगेच यायचे, काही दारापर्यंत येऊन परत जायचे. उशी आली, खिडकी आली, औषध आलं. कंगवा आला नाही. तो हाताने डोक्यावरून फिरवून दाखवायचा आणि वैतागायचा. मी प्रत्येक शब्दाला कान लावून बसायचे. एखादा अडला की मनात तेच यायचं. हा सुजेमुळे गेला, की शेवटच्या तुकड्याबरोबर गेला, माझ्या हसण्याने गेला, हे मला कुणी सांगणार नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वहिनी डबा आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मला राहवेना. मी म्हटलं, "दादा, तू वचन मोडलंस. तिथे नवं संशोधन केलंस."

"मी?" तो म्हणाला. "नाही. जुनी... जुनीच." आवृत्ती हा शब्द त्याला सापडला नाही, पण त्याला तेच म्हणायचं होतं.

"तू म्हणालास, मुंगीची बहीण बाहेर बसून हत्ती निवडतेय."

त्याने ते ऐकलं. ओठ हलवून एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. त्याला काहीच आठवत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"मी हसले," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. मोठ्याने."

"तू हसलीस?" त्याचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कधी, भरलेल्या मंडपासमोरसुद्धा, बघितला नव्हता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पण त्यात," तो सावकाश म्हणाला, "हसण्यासारखं काय आहे?"

मी त्याच्याकडे बघितलं. दादा फिरकी घेत असला की त्याची डावी भुवई जरा वर जाते, ते फक्त मलाच कळतं. डावी बाजू अजून सुजलेली होती, पट्टीखाली भुवई दिसत नव्हती. उरलेला चेहरा शांत होता आणि उत्तराची वाट बघत होता.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि त्याला तो विनोद समजावून सांगायला लागले. निवडणं म्हणजे काय, सूप म्हणजे काय, मुंगीची बहीण म्हणजे कोण. तो लक्ष देऊन ऐकत होता. कुठेतरी तो हसेल म्हणून मी प्रत्येक वाक्यापाशी थांबत होते.